‘विद्यापीठ’ हा शब्द फलकावर कुणी लिहावा?

मा. संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला, की सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना प्रवेशाचे फलक उभे राहतात. विश्रामबागेत राहत असल्यामुळे सकाळच्या फिरण्यात ते माझ्या नजरेखालून जातात, आणि नोकरीतली खोड म्हणून मी त्यांवरचा मजकूर वहीत उतरवून घेतो. ‘शासनमान्य’, ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’, ‘विद्यापीठ संलग्न’, ‘नॅक मानांकित’, ‘आयएसओ प्रमाणित’ हे शब्द जवळपास प्रत्येक फलकावर असतात. मान्यता कुणी दिली, कोणत्या अभ्यासक्रमाला दिली आणि ती कधीपर्यंत आहे, हे मात्र फार थोड्या फलकांवर सापडते. मी एका संलग्नित महाविद्यालयात लिपिक म्हणून लागलो आणि एकतीस वर्षांनी कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. या शब्दांच्या फायली मी स्वतः हाताळल्या आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

निमित्त घरातलेच आहे. तासगाव तालुक्यातील माझ्या चुलतभावाच्या नातीने वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका घेतली. दोन वर्षांची फी बेदाणा विकून दोन हप्त्यांत भरली होती. पुढे एका भरतीत लेखी परीक्षेत तिचे नाव यादीत वर आले आणि कागदपत्र पडताळणीत ती अपात्र ठरली. भाऊ सगळे कागद पिशवीत घालून माझ्याकडे आला. प्रमाणपत्र जाड कागदाचे, कडेला सोनेरी नक्षी असलेले आणि लॅमिनेशन केलेले होते. वरच्या नावातच ‘विद्यापीठ’ हा शब्द होता. फीच्या पावत्या एका बहुउद्देशीय सेवाभावी संस्थेच्या नावाने होत्या, तर गुणपत्रिकेवर परराज्यातील तिसरेच नाव होते. तीन कागदांवर तीन संस्था होत्या, आणि मुलगी ज्या ठिकाणी रोज शिकायला जात होती, त्या दुकानावरच्या मजल्याचा पत्ता यांपैकी एकावरही नव्हता. मी हे दाखवल्यावर भाऊ म्हणाला, “दादा, विद्यापीठ म्हणून छापलंय की वर. आणखी काय बघायचं असतंय?”

त्याच्या या प्रश्नाचे उत्तर मला एका वाक्यात देता आले नाही, आणि त्यात दोष त्याचा नाही. एखादी शिक्षणसंस्था ‘खरी’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र कालवतो. विद्यापीठाची स्थापना कायद्याने होते. अभ्यासक्रमाला मान्यता त्या त्या विषयाची वैधानिक परिषद देते, जसे औषधनिर्माणशास्त्राला १९४८ च्या कायद्याखालील भारतीय भेषजी परिषद. महाविद्यालयाला संलग्नता विद्यापीठ देते आणि परीक्षा तेच घेते. या तिन्ही गोष्टी झाल्यावर, संस्था चालू असताना तिचा दर्जा तपासणे हे मानांकन. परिपत्रकांच्या मराठीत त्याला अधिस्वीकृती म्हणतात, आणि हा शब्द आपल्या कार्यालयात नवा नसावा, कारण आपल्या वार्ताहरांच्या खिशातील शासकीय अधिस्वीकृती पत्रिकेवरही मुदत असते आणि ती संपली की नूतनीकरण करावे लागते. चारपैकी कोणतीही एक गोष्ट दुसरीची जागा घेऊ शकत नाही. फलक रंगवणारा मात्र चारही गोष्टी ‘मान्यताप्राप्त’ या एका शब्दात बसवतो.

आणि मग या शब्दाला आधार म्हणून जे क्रमांक छापले जातात, ते वाचण्यासारखे असतात. भावाने आणलेल्या माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर असे चार क्रमांक होते. पहिला १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालचा. हा क्रमांक भजनी मंडळालाही मिळतो. दुसरा दर्पण या संकेतस्थळावरील स्वयंसेवी संस्थेच्या नोंदणीचा, आणि तेवढ्यावर ‘नीती आयोग, भारत सरकार’ असे ठळक अक्षरात छापले होते. तिसरा उद्यम नोंदणीचा. ती सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी असते, मालक स्वतःच माहिती भरून ऑनलाइन ती मिळवतो, आणि पिठाच्या गिरणीलाही ती मिळते. चौथा आयएसओ ९००१ चा, जे व्यवस्थापनाच्या कार्यपद्धतीचे प्रमाणपत्र असून खासगी प्रमाणन संस्था ते देतात. चारही क्रमांक कदाचित खरे असतील, पण त्यांतील एकाचाही त्या पदविकेशी संबंध नव्हता. खोटे छापण्यापेक्षा गैरलागू खरे छापणे सोयीचे असते, कारण तक्रार करायला गेलेल्या माणसाला दाखवायला कागद तयार असतो.

आता ‘विद्यापीठ’ या शब्दाविषयी. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम १९५६ मधील कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, कलम ३ खाली अभिमत (म्हणजे केंद्र सरकारने विद्यापीठासमान मानलेली) ठरलेल्या संस्थेला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. कलम २३ सांगते, की कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ सोडून इतर कोणत्याही संस्थेला आपल्या नावाशी कोणत्याही प्रकारे ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द जोडता येणार नाही. म्हणजे हा शब्द कायद्याने राखून ठेवलेला आहे. ज्याला वाटेल त्याने तो लावायचा नाही. हे दोन्ही नियम मोडल्याबद्दलची शिक्षा कलम २४ मध्ये आहे, आणि ती आहे एक हजार रुपयांपर्यंत दंड. संस्था मंडळींची असेल तर जाणूनबुजून संमती देणाऱ्या प्रत्येक सदस्याला तेवढाच दंड होऊ शकतो. १९५६ मध्ये हजार रुपये ही रक्कम मोठी असेल. आज चौकातला एक मोठा फ्लेक्स छापून लावायला त्याहून अधिक खर्च येतो. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये उत्पादकाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्लासेसवर जाहिरातींबद्दल दंडही बसवले आहेत. खोटे विद्यापीठ उघडण्यापेक्षा साबणाची खोटी जाहिरात कायद्याला जास्त महाग वाटते, असा याचा अर्थ होतो.

दुसरी पळवाट पदविकेची आहे. कलम २२ पदवीपुरते बोलते, म्हणून असल्या संस्था पदवीच्या वाटेला जातच नाहीत. त्या ‘डिप्लोमा’, ‘अॅडव्हान्स डिप्लोमा’, ‘मास्टर सर्टिफिकेट’ देतात. अनधिकृत संस्था व अभ्यासक्रम यांना प्रतिबंध करण्यासाठी महाराष्ट्राने २०१३ मध्ये स्वतंत्र कायदा केला आहे, आणि त्यात आरोग्यविज्ञान, कृषी, तंत्रशिक्षण व व्यवसायशिक्षण हे सगळे येते. त्या कायद्याचे नाव मात्र मी आमच्या जिल्ह्यातील कोणत्याही तहसील कचेरीच्या फलकावर लिहिलेले पाहिलेले नाही. बिनशेती परवान्याशिवाय प्लॉट घेऊ नका, असा इशारा तिथे असतो.

शब्दाचा प्रश्न मराठीत आणखी गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडे ‘विद्यापीठ’ हा शब्द १९५६ च्या कायद्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. असहकाराच्या काळात सरकारी मान्यता नाकारून राष्ट्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांनी तो अभिमानाने घेतला. गुजरात विद्यापीठ १९२० चे, पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ चे; त्यांना अभिमत दर्जा अनुक्रमे १९६३ आणि १९८७ मध्ये मिळाला. आमच्याच जिल्ह्याचे सुपुत्र पतंगराव कदम यांनी १९६४ मध्ये पुण्यात भारती विद्यापीठ स्थापन केले, आणि त्याला अभिमत दर्जा १९९६ मध्ये मिळाला. या संस्थांनी नाव आधी घेतले आणि दर्जा नंतर कष्टाने कमावला, हे त्यांच्या श्रेयाचेच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी उलटी वाट धरली. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी सुरू केलेली रयत शिक्षण संस्था शंभर वर्षे ‘संस्था’ एवढ्याच नावावर राहिली, आणि साताऱ्यातील तिच्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झाले ते २०२१ मध्ये, राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली. त्या नावामागे आता कायदा उभा आहे. पण एखाद्या पालकाच्या डोळ्यांना जुन्या परंपरेतले विद्यापीठ, कायद्याने झालेले विद्यापीठ आणि भाड्याच्या दोन खोल्यांतले विद्यापीठ ही तिन्ही सारखीच दिसतात, कारण फलकावर अक्षरे तीच असतात.

अभिमत संस्थांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी, दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांच्या प्रकरणात निकाल देताना, त्यांना नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द वापरू न देण्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाला पावले उचलायला सांगितले. त्यानंतर आयोगाने अशा संस्थांना नावापुढे कंसात ‘डीम्ड टू बी युनिव्हर्सिटी’ एवढेच लिहिण्याची मुभा ठेवली. मराठीत त्या कंसात ‘अभिमत विद्यापीठ’ असे येते. मी अनेकांना विचारून पाहिले आहे. अभिमत म्हणजे काय, हे क्वचितच कुणाला सांगता येते. बहुतेकांना तो एखाद्या पदकासारखा जास्तीचा मान वाटतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही सगळी वर्गवारी मोडून निकष पूर्ण करणाऱ्या संस्थेला नुसते ‘विद्यापीठ’ म्हणावे असे सुचवले आहे. सोपे होईल हे खरे, पण मग निकष पूर्ण झाले की नाही हे लोकांना कळण्याची सोय नावाबाहेर कुठे तरी करावी लागेल.

ती सोय म्हणजे नॅक, असे आपण मानतो. राष्ट्रीय मूल्यांकन व मानांकन परिषद १९९४ मध्ये बेंगळुरूत स्थापन झाली, आणि मी तिच्या दोन फेऱ्यांसाठी आमच्या महाविद्यालयाचा स्वयंमूल्यमापन अहवाल तयार करण्याच्या कामात होतो. पहिल्या वेळी समिती यायच्या आठवडाभर आधी इमारतीला रंग दिला गेला आणि शोभेच्या कुंड्या भाड्याने आणल्या गेल्या. समितीची गाडी फाटकाबाहेर पडली, त्याच संध्याकाळी कुंड्या टेम्पोत चढल्या. भाड्याच्या बिलावर मीच सही केली. हे सांगताना मला अवघडल्यासारखे होते, पण लपवण्यात अर्थ नाही. तरीही त्याच समितीतील एक वयस्कर प्राध्यापिका कुंड्यांकडे न बघता थेट ग्रंथालयात गेल्या आणि पुस्तक देवघेवीची नोंदवही मागून घेऊन मागची तीन वर्षे चाळत बसल्या. शिक्षकांच्या नावावर किती पुस्तके गेली, असे त्यांनी विचारले, आणि आम्हा सगळ्यांचे तोंड उतरले. पुढच्या वर्षापासून ग्रंथालय संध्याकाळी सातपर्यंत उघडे राहू लागले. नॅकवर टीका करणाऱ्यांनी ही बाजूही लक्षात घ्यावी.

२०१७ च्या नव्या पद्धतीत बरेचसे गुण संस्थेने ऑनलाइन भरलेल्या आकडेवारीवर गेले आणि प्रत्यक्ष भेटीचे वजन कमी झाले. त्याने कुंड्या कमी झाल्या असतील, पण आकडे भरणाऱ्या सल्लागारांचा धंदा वाढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर आंध्र प्रदेशातील एका अभिमत संस्थेच्या तपासणीत लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने समितीच्या अध्यक्षांसह सदस्यांना अटक केली. एवढ्यावरून सगळीच श्रेणी खोटी म्हणणे मला पटत नाही. माझी तक्रार श्रेणी कशी मिरवली जाते याविषयी आहे.

श्रेणी ही सहसा पाच वर्षांसाठी असते आणि मुदत प्रमाणपत्रावर स्पष्ट छापलेली असते. फलकावर ती मुदत नसते. शिवाय अक्षर तेच राहून त्याचा अर्थ बदललेला आहे. २००७ ते २०१६ या काळात चारपैकी ३.०१ पासून पुढे कितीही गुण असले तरी ‘ए’ मिळत असे. जुलै २०१६ मध्ये ‘ए’च्या वर ‘ए प्लस’ आणि ‘ए प्लस प्लस’ आले, आणि २०१७ च्या नव्या पद्धतीत ३.०१ ते ३.२५ पर्यंतच ‘ए’, त्यावर ३.५० पर्यंत ‘ए प्लस’ आणि ३.५१ पासून ‘ए प्लस प्लस’ अशी विभागणी झाली. त्याच्याही आधी काही वर्षे तारे दिले जात, आणि ‘फाइव्ह स्टार’ अशी पाटी मी एका महाविद्यालयाच्या कमानीवर ते तारे बंद झाल्यावरही बरीच वर्षे वाचलेली आहे; बाहेरगावच्या माणसाने आत जाऊन खोलीचे भाडे विचारले असते तर नवल नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये परिषदेने, इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींवरून, श्रेणीऐवजी ‘मानांकित’ किंवा ‘अमानांकित’ असा निकाल देण्याचे आणि त्यापुढे एक ते पाच पातळ्या ठेवण्याचे जाहीर केले. म्हणजे पुढची काही वर्षे एकाच रस्त्यावर जुनी अक्षरे आणि नवे शब्द शेजारी शेजारी टांगलेले असतील. तारखेशिवाय त्यांची तुलना कुणी कशी करायची?

‘कलम २ (फ) व १२ (ब) अन्वये मान्यताप्राप्त’ ही त्याच १९५६ च्या कायद्याचा हवाला देणारी ओळही अनेक महाविद्यालयांच्या कमानीवर असते. तिचा अर्थ एवढाच, की ते महाविद्यालय आयोगाच्या यादीत आहे आणि केंद्रीय अनुदानाला पात्र आहे. शिकवण्याच्या दर्जाचा दाखला तिच्यात नाही. तसेच नॅक संपूर्ण संस्था पाहते आणि अभियांत्रिकीसारख्या शाखांत एकेक अभ्यासक्रम तपासण्याचे काम राष्ट्रीय मानांकन मंडळ करते; एका शाखेला मिळालेले मानांकन चार शाखांच्या जाहिरातीवर छापणे योग्य नाही.

पालकांना घरबसल्या करता येईल अशी एक तपासणी मात्र आहे, आणि भावाला मी तीच आधी सांगितली असती तर बरे झाले असते. सांगली जिल्ह्यातील महाविद्यालय कुणाशी संलग्न असू शकते, याची नावे बोटांवर मोजता येतील. कला, वाणिज्य, विज्ञान अशा नेहमीच्या पदव्यांसाठी कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, जे १९६२ मध्ये स्थापन झाले आणि आता कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांसाठी आहे. वैद्यकीय व तत्सम शिक्षणासाठी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. तंत्रशास्त्रासाठी लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. तंत्रनिकेतनाच्या पदविकेसाठी राज्य तंत्रशिक्षण मंडळ. शेतीसाठी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ. मुक्त शिक्षणासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. आणखी एखाददुसरे नाव निघेल. पण फलकावर परराज्यातील खासगी विद्यापीठाशी ‘संलग्न’ असे लिहिले असेल, तर तिथेच थांबावे, कारण आयोगाच्या २००३ च्या नियमांनुसार खासगी विद्यापीठाला महाविद्यालये संलग्न करून घेताच येत नाहीत. छत्तीसगडने २००२ च्या कायद्याने अशी शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे कागदावर उभी केली होती, काहींचा पत्ता तर एका खोलीचा होता; शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये त्या कायद्यातील तो भाग रद्द केला. आयोग दरवर्षी बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो, तीत नागपूरच्या एका संस्थेचे नावही वर्षानुवर्षे आहे. मात्र त्या यादीत नाव नाही म्हणून संस्था खरी, असा निष्कर्ष कुणी काढू नये. भावाने आणलेल्या तिन्ही कागदांवरचे एकही नाव त्या यादीत नव्हते.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. उच्च शिक्षण विभागाने असा नियम करावा, की प्रवेशाच्या प्रत्येक फलकावर, माहितीपत्रकावर आणि पावतीवर संस्थेच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात प्रमाणपत्र कोण देणार त्या विद्यापीठाचे वा मंडळाचे नाव, मान्यता देणाऱ्या परिषदेच्या पत्राचा क्रमांक व शैक्षणिक वर्ष, आणि मानांकन असल्यास श्रेणी, गुण व मुदत संपण्याची तारीख असावी. मानांकन नसेल तर ‘मानांकन नाही’ असे लिहावे. नवी संस्था असेल तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ‘विद्यापीठ’, ‘विश्वविद्यालय’ आणि ‘युनिव्हर्सिटी’ हे तिन्ही शब्द कलम २३ मध्ये स्पष्टपणे यावेत, राष्ट्रीय चळवळीतल्या जुन्या संस्थांचा अपवाद नावानिशी करावा, आणि हजार रुपयांचा दंड बदलावा. महापालिका फ्लेक्सला परवानगी देताना आकार आणि दिवस विचारते. त्याच अर्जात मान्यतेच्या पत्राची प्रत मागायला नवा कायदा लागणार नाही.

एक मागणी आपल्याकडेही आहे, आणि ती मी संकोचाने करतो. जून महिन्यात आपल्या दैनिकाची शिक्षण पुरवणी निघते. भावाने मला त्या संस्थेची जी जाहिरात दाखवली, ते अशाच एका वृत्तपत्रीय पुरवणीचे कात्रण होते. प्रवेश घेताना त्याने ते जपून ठेवले होते, पेपरात आले म्हणजे खरे असणार म्हणून. आपल्या जाहिरात विभागाने शैक्षणिक जाहिरात स्वीकारताना संलग्नतेच्या पत्राची चालू वर्षाची प्रत मागावी आणि तिचा क्रमांक जाहिरातीखाली बारीक टाइपात का होईना छापावा. सुरुवातीला काही जाहिराती परत जातील, हे मला कळते.

मुलीने यंदा प्रथम वर्ष विज्ञान शाखेत प्रवेश घेतला आहे. वर्गातील इतरांपेक्षा ती चार वर्षांनी मोठी आहे. प्रवेशाच्या दिवशी तिने महाविद्यालयाच्या कार्यालयात संलग्नतेचे पत्र दाखवा म्हणून विचारले, तेव्हा तिथल्या लिपिकाने कपाट उघडून फाइल काढली आणि पत्र पुढे ठेवले.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक
विश्रामबाग, सांगली